सात पायऱ्यांची गंमत

वाचकहो, जुने वर्गमित्र पुष्कळ वर्षांनी एकत्र आले की गप्पांना कसा रंग चढतो, हे आपण अनुभवलेच असेल. जबलपूरला एका स्नेह्यांच्या घरी आम्हां तिघांचा असाच योग जुळून आला. वसतिगृहातील दिवस, परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणे, भेडाघाटची सहल, सारे बोलून झाले. तेवढ्यात यजमानांचा आठवीतला मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन आला. गणितात गुण कमी होते. "याच्या नशिबी गणित नाही," यजमान म्हणाले. मुलाने मान खाली घातली.

आमच्या दुसऱ्या मित्राने त्याला जवळ बसविले. "मुंबईचा लोहमार्ग जबलपूरला येऊन मिळाला ते साल घे, १८७०. त्यातील अंक उतरत्या क्रमाने मांड, मग चढत्या. आणि वजाबाकी कर."

८७१० वजा ०१७८, उरले ८५३२. पुन्हा तीच कृती: ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आणखी एकदा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४!

चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मधे शून्य आले तरी ते जागेवर ठेवा. अधिकात अधिक सात पायऱ्यांत आपण ६१७४ वरच येऊन थांबतो. हा शोध दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले हे गृहस्थ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. कित्येक विद्वानांना त्यांचे संशोधन पोरखेळ वाटे. तरी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही संख्या मांडली, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगभर त्यांचे नाव झाले. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकावरूनच 'डेम्लो' हे नाव दिले. जबलपूरहून मुंबईस जाताना देवळाली आणि डोंबिवली दोन्ही वाटेतच लागतात!

मुलाने आता स्वतः कापरेकरांचे जन्मसाल घेतले. ९३५१, ८१७२, आणि पुढे ७४५३. मित्र म्हणाला, "अंकांची बेरीज कर. एकोणीस ना? मग कुठेतरी चुकले." कारण असे की, तेच अंक उलटसुलट मांडून केलेल्या वजाबाकीचे उत्तर नेहमी नवाच्या पटीत येते, आणि अशा संख्येच्या अंकांची बेरीजही नवाच्या पटीत असते. मुलाने पुन्हा पाहिले. दशकाच्या घरात उसना दिलेला एक कमी करायचा राहिला होता. चूक त्याची त्यालाच सापडली. परीक्षेत गुण गेले होते, तेही बहुतांशी अशाच विसराळूपणामुळे.

यजमानांनी प्रगतिपुस्तक पुन्हा उघडले, आणि या वेळी मुलाला शेजारी बसवून उत्तरे पाहू लागले.

वाचकहो, आपल्याही घरी एखादे मूल गणिताला भीत असेल. 'तुला येत नाही' म्हणण्यापूर्वी त्याच्यापुढे पाटी ठेवा आणि १९०५ पासून आरंभ करा. या सालाला ६१७४ गाठण्यास पुऱ्या सात पायऱ्या लागतात. घाई करू नका; त्या मुलासमवेत आपणही चढा.