रिकाम्या जागेचा घोळ

संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनो, एका यादीत 'सविता' लिहिले आहे आणि दुसरीत 'सविता ' असे. तुम्हांआम्हांला हे नाव एकच. संगणकाला मात्र दोन वाटतात. दुसऱ्या नावाच्या शेवटी रिकामी जागा आहे आणि त्याच्या हिशेबी तेही एक अक्षरच! शिष्यवृत्तीच्या यादीत असे झाले, तर पात्र मुलीचे नाव सापडतच नाही.

१९९१ साली आलेल्या पायथन भाषेत यावर सोपा इलाज आहे. 'स्ट्रिप' ही आज्ञा मजकुराच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा काढते. मधल्या जागेला हात लावत नाही. मधल्या जास्तीच्या जागा घालवायच्या, तर 'स्प्लिट'ने शब्द सुटे करावेत आणि 'जॉइन'ने एकेक जागा सोडून पुन्हा जोडावेत. 'रिप्लेस'ने सरसकट सगळ्या जागा पुसल्या, तर नाव आणि आडनाव एकमेकांना चिकटते. तो मार्ग फोन क्रमांकासाठी बरा.

एक लक्षात ठेवा : या आज्ञा मूळ मजकूर बदलत नाहीत, नवा तयार करून देतात. तो साठवला नाही, तर केलेले काम वाया जाते.

म्हणून आम्ही सांगतो, याद्या जुळवण्याआधी दोन्हीकडची नावे साफ करा. एका रिकाम्या जागेपायी कुणाचा हक्क हुकता कामा नये.