हिमोग्लोबिन ठीक, तरी मुंग्या का?
रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ठीक दिसले की आपण निश्चिंत होतो. पर्निशस ॲनिमियात ही निश्चिंती महागात पडू शकते. यात शरीराची प्रतिकारशक्ती जठरावरच उलटते आणि आहारातले बी-१२ नीट शोषले जात नाही. तांबड्या पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही १०० च्या वर जातो. पण जोडीला लोहाची कमतरता असेल तर तो ‘नॉर्मल’ही दिसतो. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल, तर बी-१२ आणि अँटिबॉडी तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. इंजेक्शननंतर बी-१२ वाढलेले दिसणारच. तेवढ्यावरून उपचार थांबवू नका. तो बहुधा आयुष्यभराचा असतो.