जोडलेला हात कामालाही लागला पाहिजे




‘तुटलेला हात जोडण्यात डॉक्टरांना यश’ ही बातमी अधूनमधून वाचायला मिळते. छायाचित्रात खाटेवरचा रुग्ण, बँडेजात गुंडाळलेला हात आणि मागे डॉक्टरांचे पथक. रात्रभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, केसाहून बारीक दोऱ्याने रक्तवाहिन्या शिवणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. माझी तक्रार एवढीच, की ही बातमी दोन वर्षे आधी छापली जाते. त्या दिवशी हाड जुळलेले असते आणि रक्त वाहू लागलेले असते. हा हात पुढे वैरण उचलेल का, भाकरी मोडेल का, हे तेव्हा खुद्द सर्जनलाही सांगता येत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. फोटो काढून झाल्यावर हे रुग्ण आमच्याकडे येतात. शिवलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. दंडातून तुटलेल्या हातात तो बोटांपर्यंत पोहोचायला दीड-दोन वर्षे लागतात आणि तोवर पंजातले बारीक स्नायू सुकून जातात. म्हणूनच मनगटाशी तुटलेला हात दंडातून तुटलेल्या हातापेक्षा चांगला चालतो. अशा हाताने चहाचा गरम पेला धरला तर चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. थंडीत बोटे ठणकतात. खिशात न बघता हात घालून किल्ली कुठली आणि नाणे कुठले हे ओळखता आले, की मी म्हणते हात जोडला गेला.

तंत्र नवे नाही. 1962 च्या मे महिन्यात बोस्टनला डॉ. रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने रेल्वे अपघातात खांद्याजवळ तुटलेला बारा वर्षांच्या मुलाचा हात जोडला. मज्जातंतू मात्र काही महिन्यांनी, दुसऱ्या शस्त्रक्रियेत. पुढच्याच वर्षी शांघायमध्ये डॉ. चेन चुंगवेई यांनी एका कारखाना कामगाराचा पंजा जोडला. साठ वर्षे उलटून गेली, आणि आपण अजून चमत्कार म्हणूनच त्याकडे बघतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हात जातात ते कडबाकुट्टीत, गुऱ्हाळाच्या घाण्यात, इचलकरंजीच्या मागावर, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या पॉवर प्रेसखाली. पात्याने तुटलेला हात जोडायला सोपा. घाण्यात चेंगरलेला किंवा पट्ट्यात अडकून उपटून आलेला बहुधा जोडता येत नाही. अशा वेळी ‘नाही’ म्हणणाऱ्या सर्जनशी नातेवाइकांनी भांडू नये. मांसल भाग रक्ताविना सुमारे सहा तास टिकतो, नीट थंड ठेवला तर त्याहून जास्त. उशिरा जोडला, तर मेलेल्या स्नायूंतले विष रक्तात उतरते, मूत्रपिंडे बंद पडतात आणि हातापायी जीव जातो. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तिथली माणसे बेळगाव गाठतात ते उगीच नव्हे. त्यातही कोणी तुटलेला भाग थेट बर्फात पुरून आणतो, कोणी हळद माखून. दोन्हींनी पेशींची माती होते. तो भाग ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. एवढी गोष्ट साखर कारखान्यांच्या गेटवर आणि दूध संस्थांच्या भिंतीवर रंगवायला किती खर्च येतो?

हल्ली ‘इथेही हात प्रत्यारोपण केंद्र काढा’ असे बोलले जाते. 2015 मध्ये कोचीला आणि 2020 मध्ये मुंबईत दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले, त्याचा मला अभिमानच आहे. पण दुसऱ्याचा हात टिकवायला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. स्वतःच्या जोडलेल्या हाताला त्यांची गरज नसते. मग आधी पैसा कुठे घालायचा?

गेलेल्या हाताचा हिशेब सरकारदरबारी चोख आहे. कामगार नुकसानभरपाईच्या कायदेशीर तक्त्यात खांद्यातून हात गेला तर कमाईची 90 टक्के क्षमता गेली, पंजा गेला तर 60, अंगठा गेला तर 30. दंडाचा खुंट मोजायचीही सोय आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकऱ्याचा एक अवयव निकामी झाला तर 1 लाख मिळतात. पण जोडलेल्या आणि अर्धवट चालणाऱ्या हातासाठी नुकसानभरपाईच्या तक्त्यात वेगळी ओळ नाही. डॉक्टरांनी टक्के ठरवायचे आणि मग वाद घालत बसायचे. स्वतःच्याच गोठ्यात कुट्टीवर हात गेलेल्या शेतकऱ्याला तर मालकही नसतो. त्याचे व्यायामाला येण्याजाण्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज कोण देणार? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, बोट अजून हलत नाही म्हणून, तो व्यायामाला यायचा थांबतो. बोटे आखडतात. लाखोंची शस्त्रक्रिया तिथे वाया जाते.

कोइमतूरही आपल्यासारखेच फाउंड्री आणि कापडाचे गाव. तिथल्या गंगा हॉस्पिटलने डॉ. राजा सभापतींच्या नेतृत्वाखाली हाताच्या शस्त्रक्रियेत देशभर नाव कमावले, आणि तिथे शस्त्रक्रियेइतकेच थेरपीला महत्त्व आहे. ते खासगी आहे हे मान्य. पण कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात चोवीस तासांचे सूक्ष्मशस्त्रक्रिया पथक, आणि इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयात व गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात हाताचे व्यायाम आणि स्प्लिंट यांची सोय, एवढे तरी व्हायला काय हरकत आहे? कारखानदारांच्या संघटनांनी आणि साखर कारखान्यांनी रुग्णाचे भाडे आणि रोज उचलावा.

आणि पत्रकार मित्रांना विनंती, ज्याची बातमी छापली त्याच्याकडे दोन वर्षांनी एकदा जाऊन या आणि त्या हाताने तो काय करतो तेही छापा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी, कोल्हापूर