नावाची शिष्यवृत्ती, कामाची अट

आंबेडकर, शाहू आणि फुले यांच्या नावाने राज्यात आज बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्था चालतात. त्यांच्या योजना पुष्कळ आहेत, पण मानवतसारख्या तालुक्याच्या गावात त्यांची ओळख स्पर्धा परीक्षेपुरतीच उरली आहे: दिल्लीत यूपीएससीची तयारी करणाऱ्याला दरमहा विद्यावेतन, पूर्वपरीक्षा निघाली तर मुख्य परीक्षेसाठी एकरकमी ५० हजार, पुढे मुलाखतीसाठी २५ हजार. ही मदत बंद करा, असं मी म्हणणार नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या कचेरीत बहुजनांची पोरं दिसावीत म्हणूनच. गरिबाच्या मुलाने कलेक्टर होऊ नये आणि गावातच राबावं, असा सल्ला देणाऱ्यांपासून सावध राहिलेलंच बरं. पण लोकसेवेत जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी कुणाच्या स्मरणार्थ पैसा ठेवायचा म्हटलं, की परीक्षेपलीकडे आपल्याला काही सुचतच नाही, ही अडचण खरी आहे.

२०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले, प्रत्यक्षात ५,९२,१४१ जण बसले, मुख्य परीक्षेला १४,६२४ पोचले आणि शेवटच्या यादीत १,०१६ नावं लागली. बाकीच्यांचं पुढे काय, याचा विचार शिष्यवृत्ती देणाऱ्या कोणत्याच योजनेत नीट झालेला नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतली अभ्यासिका आणि मेस सोडून तिशीच्या आसपास परतलेला मुलगा तालुक्याला परका वाटतो आणि तालुका त्याला. इकडे लोकांची कामं मात्र वाट पाहत असतात. मानवत हा कापसाचा बाजार. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातली बोंडं पोखरली. अशा वेळी शेतकरी किडकं बोंड खिशात घालून सल्ल्याला जातो तो बहुधा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, आणि तिथला सल्ला औषधाच्या बाटलीसकट मिळतो. त्या बोंडाकडे बघून ‘फवारणी नको, कामगंध सापळे लाव’ असं सांगणारा, ज्याला बाटली खपवायची नाही असा कृषी पदवीधर, ही लोकसेवाच आहे. ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, गुरांचा डॉक्टर, ग्रामपंचायतीचा हिशेब नीट लिहिणारा माणूस, हेही त्याच रांगेतले.

म्हणून माझं म्हणणं असं, की स्मृती-शिष्यवृत्ती परीक्षेला बांधू नये, कामाच्या वर्षांना बांधावी. अमेरिकेत ट्रुमन या राष्ट्राध्यक्षांचं स्मारक म्हणून १९७५ मध्ये तिथल्या संसदेने पुतळ्याऐवजी शिष्यवृत्ती उभी केली. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला निवड होते, आणि पुढचं शिक्षण संपल्यावर सात वर्षांपैकी तीन वर्षं लोकसेवेत घालवावी लागतात. ती सरकारात घालवा, शाळेत घालवा नाहीतर एखाद्या सेवाभावी संस्थेत. अमुकच खुर्ची हवी, असा हट्ट नाही.

यावर कुणीही लगेच म्हणेल, की आपल्याकडे असले बाँड कोण पाळतं? प्रश्न रास्त आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना राज्यात एक वर्षाची सेवा बंधनकारक आहे, पण पूर्वी १० लाख रुपये भरून ती टाळता येत असे. ज्यांच्या घरी पैसा होता, त्यांच्यासाठी ती अट म्हणजे नुसती जास्तीची फी होती. दुसरं उदाहरण याहून मोठं आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, ते परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये ते रुजू झाले, पण कचेरीत विटाळ पाळला गेला आणि शहरात राहायला जागा मिळेना, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांना बडोदं सोडावं लागलं. कागदावर करार मोडला. तरी सयाजीरावांचा पैसा वाया गेला, असं म्हणण्याची छाती कुणाची आहे? एका कचेरीशी बांधलेली अट ती कचेरीच निकामी करू शकते. व्यापक लोककार्याची अट तशी अडकत नाही. सरकारी भरती वर्षानुवर्षं रखडते, या हरकतीलाही हेच उत्तर. पद मिळालं नाही तरी शेतकरी उत्पादक कंपनी, धर्मादाय रुग्णालय, अनुदानित शाळा यांतलं काम सेवेच्या वर्षांत धरावं. जो ते करणार नाही, त्याच्याकडून रक्कम कर्ज म्हणून हप्त्यांनी परत घ्यावी. दंड लावू नये. दंड श्रीमंताला परवडतो आणि गरिबाला अर्जच करू देत नाही.

पैशाचं म्हणाल तर त्यासाठी मुंबईकडे बघण्याची गरज नाही. गावोगावी वडिलांच्या, आजीच्या स्मरणार्थ ठेवी आहेतच. त्यांच्या व्याजातून दहावीला पहिल्या आलेल्याला शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र आणि ५०१ रुपयांचं पाकीट दिलं जातं, फोटो निघतो, आणि मुलगा लातूरच्या क्लासला निघून जातो. पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार होतात. परभणीला नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीच्या खानावळीचा भार त्यात बराच हलका होईल. चार घरांनी आपल्या ठेवी एकत्र केल्या तर कृषी पदवीच्या एखाद्या मुलालाही हात देता येईल. नावं चारही राहू द्यावीत, त्यात कुणाचा मान कमी होत नाही. निवड मात्र गुणपत्रिकेवर करू नये, आणि निवडणाऱ्यांत देणगीदाराच्या घरातलं एकापेक्षा जास्त माणूस नसावं.