पाणी जमिनीचे की माणसाचे?

तापी नदीच्या खोऱ्याचे भवितव्य ठरविणारा एक करार १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे झाला. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेस मान्यता दिली. या योजनेत एकूण ३१.१३ अब्ज घनफूट पाणी वापरावयाचे असून त्यापैकी ११.७६ अब्ज घनफूट मध्य प्रदेशास व १९.३६ अब्ज घनफूट महाराष्ट्रास मिळावयाचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याने कालवे काढून हे पाणी जमिनीत मुरवावयाचे आणि आटलेल्या विहिरी पुन्हा जिवंत करावयाच्या, असा या योजनेचा हेतू आहे. सावदा, फैजपूर, रावेर, यावल या भागात तिचे स्वागत झाले आणि ते योग्यच आहे. परंतु पाणी येणार म्हणून आनंद मानण्यापूर्वी आपल्या समाजाने एक प्रश्न विचारला पाहिजे. हे पाणी कोणाचे? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचे, की या खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचे?

प्रश्नाचे मूळ समजण्यासाठी प्रथम भूमीकडे पाहिले पाहिजे. सातपुड्यावरून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा व वाळूचा एक जाड थर डोंगराच्या पायथ्याशी पसरला आहे. त्यात पावसाचे पाणी झपाट्याने मुरते आणि दक्षिणेकडे तापीच्या दिशेने सरकत जाते. याच पाण्यावर रावेर-यावलची केळी उभी राहिली. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून केळीच्या वाघिणी भरभरून उत्तर हिंदुस्थानात गेल्या. २०१६ मध्ये जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनही मिळाले. पण केळी हे वर्षभर पाणी मागणारे पीक आहे. विहिरी खोल गेल्या, विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या, आणि जमिनीत मुरत होते त्याहून अधिक पाणी दरसाल उपसले जाऊ लागले. ठिबक सिंचनाने झाडामागे पाणी वाचते हे खरे. परंतु वाचलेले पाणी नव्या लागवडीकडेच वळविले, तर भूजलाची पातळी वर कशी येणार?

जमिनीखालचे पाणी सर्वांचे. उपसा मात्र ज्याच्याकडे जमीन, पंप आणि भांडवल आहे त्याचा. बागायतदाराची कूपनलिका खोल जाते, तेव्हा वस्तीवरचा हातपंप प्रथम कोरडा पडतो. बाग वाळली म्हणजे मालकाचे नुकसान होते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु केळीचे घड कापणाऱ्या, ते खांद्यावरून वाहणाऱ्या, गाड्या भरणाऱ्या मजुराचा रोजगारही त्याच दिवशी बुडतो. मालकास पीकविम्याचा आधार असतो. मजुराच्या बुडालेल्या रोजाचा विमा कोणी उतरविला आहे काय?

आता कायद्यांकडे पाहू. १९९७ च्या अधिनियमाने तापी पाटबंधारे विकास महामंडळ निर्माण झाले. त्याचे मुख्यालय जळगाव येथे आहे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने या महामंडळास नदी खोरे अभिकरणाचा दर्जा दिला. त्याच अधिनियमात पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे. तत्त्व उत्तम आहे; परंतु ते वाटप लाभक्षेत्रातील जमीनधारकांमध्ये व्हावयाचे आहे. २००५ चाच दुसरा कायदा सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा आहे. त्याने पाणी वापर संस्था स्थापन केल्या आणि कालव्याच्या मुखाकडील, मध्यावरील व पुच्छाकडील सभासदांस व्यवस्थापक समितीत सारखे स्थान दिले. पुच्छाकडील शेतकऱ्यावर अन्याय होऊ नये ही काळजी कायद्याने घेतली, हे स्तुत्य आहे. परंतु ज्याचे शेत ना मुखाकडे आहे, ना मध्यावर, ना पुच्छाकडे, त्याचे काय? या संस्थेचा सभासद होण्यास लाभक्षेत्रात जमीन असावी लागते. म्हणजे लोकसहभाग या शब्दातील ‘लोक’ कोण, हे सातबाऱ्याचा उतारा ठरवितो.

आणि आपल्या समाजाजवळ सातबारा का नाही, हे इतिहासास विचारावे. गावकीची सर्व कामे वतनाच्या नावाखाली करवून घेतली गेली आणि मोबदल्यात मिळाले ते जमिनीचे तुकडे. १९५९ साली मराठवाड्यात व खानदेशात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. १९६४ मध्ये तोच लढा देशभर पेटला. ती मागणी पुरती झाली नाही. आधी जमीन नाकारावयाची आणि मग जमीन नाही म्हणून पाण्याच्या समितीतून वगळावयाचे, हा दुहेरी अन्याय आहे. चवदार तळ्याचे पाणी परमपूज्य बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले, तेव्हा तो प्रश्न एका तळ्याचा नव्हता; सार्वजनिक वस्तूवर माणूस म्हणून समान अधिकार आहे की नाही, हा होता. आज काठावर कोणी अडवीत नसेल. परंतु काठ पाहून निर्णय घेणाऱ्या सभेचे दार बंद असेल, तर प्रश्न तोच राहतो.

नदी खोऱ्याचा एकत्रित विचार या देशास शिकविण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर, महानदी या नद्यांचा प्रश्न त्यांच्याकडे होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदरविषयी व त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी झालेल्या परिषदांचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. पूर, वीज, सिंचन, नौकानयन यांचा विचार तुकड्यातुकड्याने न करता संपूर्ण खोरे हा एकच घटक मानावा, ही त्यामागील दृष्टी होती. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. पण १९५६ च्या नदी मंडळ अधिनियमाखाली एकही मंडळ स्थापन झालेले नाही. शिवाय दामोदरच्या धरणांखाली ज्या आदिवासींची गावे गेली, त्यांचा अनुभव सांगतो की, खोऱ्याची संस्था असणे पुरेसे नाही. खोऱ्यातील माणसे त्या संस्थेत असावी लागतात. म्हणूनच तापीच्या नव्या आराखड्यात एकाही गावाचे पुनर्वसन करावे लागणार नाही, हे सरकारचे आश्वासन कागदावर न राहता सातपुड्यातील आदिवासी बांधवांच्या समक्ष पडताळले गेले पाहिजे.

आपण ज्या तथागतांना शरण गेलो, त्यांच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे. शाक्य व कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचे असताना त्या तंट्यात मारामारी झाली आणि शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थांनी विरोध केला आणि सुचविले की, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्यांनी वाद मिटवावा. संघाने बहुमताने ते फेटाळले आणि सिद्धार्थांनी घर सोडले. या कथेतील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पाण्यावरून प्रथम ज्यांची डोकी फुटली ते दोन्हीकडचे नोकर होते. चर्चा मात्र मालकांच्या संघात झाली. रक्त एकाचे आणि मत दुसऱ्याचे, ही रीत इतकी जुनी आहे!

याहून वेगळे काही शक्य नाही असे म्हणणाऱ्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावकडे पाहावे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. तिने पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात दिले: दरडोई अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनांसही पाण्याचा हक्क मिळाला आणि उसासारख्या बारमाही पिकांस त्या पाण्यावर बंदी होती. आपल्या खानदेशात पांझरेच्या काठची फड पद्धतीही सांगते की, शेतकरी स्वतःच्या शिस्तीने शतकानुशतके पाणी वाटू शकतात. शिस्त फडाची आणि न्याय नायगावचा, असा मेळ तापीकाठी का घालू नये?

शेतकऱ्याशी आपले वैर नाही; बाग जगली तरच मजूर जगेल. आपली मागणी एवढीच आहे की, पुनर्भरणाच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा असावा. २००९ च्या भूजल अधिनियमाप्रमाणे होणाऱ्या पाणलोट समित्यांत भूमिहीन मजुरांस व स्त्रियांस मतासह स्थान असावे. आणि सरकारी पैशाने मुरविलेल्या पाण्याचा जमाखर्च दरसाल लोकांसमोर वाचला जावा.

यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ग्रामसभेत बसण्यास सातबारा लागत नाही. मतदारयादीतील नाव पुरते. गावोगावच्या बौद्ध कुटुंबांनी, विशेषतः भगिनींनी, ग्रामसभेत जाऊन पाण्याचा हिशेब मागावा व तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. सावद्यास नगरपरिषद आहे, तेथे ग्रामसभा नाही. म्हणून तेथील नागरिकांनी हाच प्रश्न नगरसेवकांपुढे लेखी ठेवावा. कालवे खोदले जाण्यापूर्वी हक्क नोंदविला पाहिजे. पाणी वाटून झाल्यावर केलेल्या अर्जास याचना म्हणतात, आणि याचनेचे जिणे आपण धम्मदीक्षेबरोबर मागे टाकले आहे.