घराला राखेचा रंग

गृहसजावटीच्या बाबतींत अलीकडे एक नवें शास्त्र रूढ होऊं पाहत आहे. ओसरीपासून देवघरापर्यंत सर्व भिंतींस एकच फिकट करडा रंग द्यावा, म्हणजे घर मोठें दिसतें, सामान कसलेंहि असो तें शोभतें, आणि घरधन्याची अभिरुचि संयत असल्याची ग्वाही मिळते, असें या शास्त्राचें सार आहे. पुण्यामुंबईच्या सदनिकांत तें फोफावलें आणि आतां मंचर-घोडेगांवावरून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यानें शिनोलीसारख्या गांवांपर्यंत येऊन पोंचलें आहे. आमच्या मतें हें शास्त्र नव्हे; ही एक सोय आहे, आणि तीहि घरांत राहणाराची नव्हे, घर विकणाराची.

प्रथमच सांगितलें पाहिजे कीं, करड्या रंगाशीं आमचें वैर नाहीं. सह्याद्रीचा पाषाणच काळसर करडा आहे. जुन्नरच्या डोंगरांतील लेणीं त्यांतच खोदलेलीं आहेत. आमच्या जुन्या घरांचीं जोतीं आणि पायऱ्या त्याच्याच आहेत. परंतु ज्या लोकांनीं हा पाषाण जन्मभर पाहिला, त्यांनीं त्याच्या आंत राहतांना काय केलें हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. अजिंठ्याच्या कारागिरांनीं याच जातीच्या खडकावर मातीचा गिलावा चढविला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी व दूरदेशाहून आणलेल्या निळ्या रत्नाची पूड यांनीं भिंती चितारल्या. घरदार सोडून आलेल्या भिक्षूंच्या विहारांतहि रंग वर्ज्य मानला गेला नाहीं. मग संसारी माणसाच्या माजघरालाच वैराग्याची दीक्षा कशासाठीं?

आमच्याकडील मातीच्या घरांत रंगाला जागा ठरलेली असे. जमिनीला शेणाचें सारवण, भिंतीच्या पायथ्याशीं गेरूचा पट्टा, वर पांढरी माती किंवा कळीचा चुना, आणि चुन्यांत चिमूटभर नीळ. देवघराचा कोनाडा, चुलीमागची भिंत, ओसरी आणि गोठा यांचे चेहरे निरनिराळे. डोळे उघडल्याबरोबर आपण कोठें आहों हें लहान मुलालाहि कळे. या व्यवस्थेंत सोंवळ्याओंवळ्याचा जाच होता, तो गेला हें उत्तमच झालें. दसरा-दिवाळीपूर्वीं घर पोतारण्याचे कष्ट बायकांच्या कमरेवर पडत, हेंहि आम्ही विसरलों नाहीं. सिमेंटच्या भिंतींनीं ते वांचले असतील तर सिमेंटचें स्वागत असो. परंतु कष्टांबरोबर निवडहि गेली, ही गोष्ट कोणाच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं. जी बाई भिंत पोतारीत असे, ती गेरूचा पट्टा किती उंच न्यावा हें आपल्या मनानें ठरवीत असे. आज तिच्यापुढें छटांचें पुस्तक उघडलें जातें खरें. पण तीं पानें उलटण्यापूर्वींच ‘सध्यां सगळे हाच देतात’ असा निकाल रंगाऱ्यानें दिलेला असतो.

आतां या रंगाचे म्हणून सांगितले जाणारे गुण पाहूं. पहिला गुण असा कीं, तो घर उजळ आणि मोठें दाखवितो. पांढरा चुना जितका उजेड परतवितो तितका करडा परतवीत नाहीं, ही साधी गोष्ट आहे. शिवाय या रंगाचा स्वभावच असा कीं, बाहेर जसा प्रकाश असेल तसा तो दिसतो. उन्हांत तो बरा वाटतो. ढगाळ दिवशीं किंवा उत्तरेकडील खोलींत निळसर आणि मळकट होतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यांत पावसाळ्याचे चार महिने आकाशच राखी असतें. बाहेर जें चार महिने पाहावयाचें, तेंच आंत बारा महिने पाहण्यांत कोणतें सौख्य आहे?

दुसरा गुण म्हणजे सर्वत्र एकसारखेपणा. भिंत करडी, फरशी करडी, दारेंहि करडीं. तरुणांना हें नीटनेटकें वाटतें. पण मोतीबिंदूनें दृष्टि मंद झालेल्या म्हाताऱ्या माणसाला पायरी, उंबरठा आणि भिंतीची कड ओळखण्यास रंगांतील भेदाचाच आधार असतो. तो काढून घेणें म्हणजे त्याच्या हातची काठी काढून घेण्यासारखें आहे.

तिसरा गुण आधुनिकतेचा. पण आधुनिक वास्तुकलेचे अग्रणी म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें, त्या ल कार्बुझिए यांनीं १९२५ सालीं पांढऱ्या भिंतींचा कैवार घेतला असला, तरी १९३१ सालीं त्यांनींच भिंतींच्या कागदांसाठीं अनेक छटांची रंगमालिका तयार केली, आणि चंदीगडच्या विधानभवनाचें त्यांचें प्रचंड दार ठळक रंगांनीं भरलेलें आहे. लंडनच्या विज्ञान-संग्रहालयाच्या वतीनें २०२० सालीं संग्रहांतील नित्योपयोगी वस्तूंचीं ७००० हून अधिक छायाचित्रें संगणकाकडून तपासण्यांत आलीं, तेव्हां काळ पुढें सरकेल तसतशा करड्या छटा वाढत गेल्याचें दिसून आलें. लांकूड मागें पडून पोलाद व प्लास्टिक पुढें आलें, हें त्याचें एक कारण. तेव्हां वस्तु करड्या झाल्या आहेत हें मान्य करूं. पण त्यामुळें भिंतींनीं तरी थोडा रंग राखावा, असाच निष्कर्ष त्यांतून निघावयास हवा.

खरें कारण निराळेंच आहे. शहरांत सदनिका बांधणारास तिचा मालक कोण होणार हें ठाऊक नसतें. म्हणून ज्यानें कोणाचेंच मन मोडणार नाहीं असा रंग तो योजतो. कोणास न दुखविणारा हा रंग कोणास आनंदहि देत नाहीं. पण त्याचें काम भागतें. शिनोलीच्या घरास हा न्याय कसा लागूं पडावा? पुण्यामुंबईस नोकरी करून, पैपैसा सांठवून गांवच्या घरजागेवर जो घर बांधतो, त्याला गिऱ्हाईक शोधावयाचें नसतें. तेथें त्याचे आईबाप राहावयाचे असतात, जत्रेला आणि दिवाळीला त्याचीं मुलें यावयाचीं असतात. जें विकावयाचें नाहीं, त्याला अनोळखी खरेदीदाराच्या पसंतीचा रंग देणें म्हणजे आपल्याच घरांत भाडेकरूसारखें राहणें होय.

राखेलाहि आमच्या घरांत मान आहे. तिनें भांडीं घासलीं जातात, कडधान्याला कीड लागूं नये म्हणून ती त्यांत मिसळतात, भस्म म्हणून ती कपाळीं लावतात. प्रत्येक ठिकाणीं तिला काम आहे. तसेंच करड्या रंगासहि एखाद्या भिंतीचें काम खुशाल द्यावें; सबंध घर त्याच्या स्वाधीन करूं नये. स्वयंपाकघराचा रंग तेथें राबणारीनें सांगावा, म्हाताऱ्यांच्या खोलीचा म्हाताऱ्यांनीं, मुलांच्या खोलीचा मुलांनीं. चार खोल्यांचे चार रंग झाले आणि पाहुण्यानें नाक मुरडलें, तर मुरडूं द्यावें. तो संध्याकाळच्या एस.टी.नें परत जाणार आहे.