कमरेचं पिस्तूल दाखवायचं की झाकायचं? धुऱ्याच्या वादात कायदा काय सांगतो

मागच्या हप्त्यात रात्री नवाच्या सुमारास चुलतभाऊ घरी आला. जेवलेला नव्हता. बाजेवर बसला अन् थेट बोलला, "दादा, मले पिस्तुलाचं लायसन काढाचं हाये. तू पत्रकार हायेस, कागदं कोणते लागतात ते सांग."

कारण जुनंच. शेजारच्या शेतवाल्यासोबत धुऱ्याचा वाद तीन वर्षांपासून सुरू आहे. त्या दिवशी बोलाचाली वाढली. शेजाऱ्यानं शिवी दिली नाही, हात उचलला नाही. फक्त शर्ट थोडा वर केला. कमरेला पिस्तूल होतं, परवान्याचं. ते दिसलं, अन् माझा भाऊ बैलजोडी घेऊन घरी परतला.

"आता मीबी लावतो. त्याले दिसंल असं वरूनच लावतो. आत लपवून काय फायदा?"

त्याचा हा प्रश्न गमतीचा नाही. आपल्याकडे पिस्तूल बाळगणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात हाच हिशोब असतो. म्हणून त्या रात्रीपासून मी नियम वाचले, दोन वकिलांशी बोललो. जे समजलं ते इथं मांडतो.

कायदा म्हणतो, पूर्ण झाका

आपल्या देशात शस्त्र अधिनियम 1959 चा आहे अन् त्याखालचे शस्त्र नियम 2016 चे. या नियमांतला 32 वा नियम सार्वजनिक जागी बंदूक नेण्याबद्दल आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर असेल तर ते त्यासाठी बनवलेल्या म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत पाहिजे. ते पूर्ण झाकलेलं पाहिजे अन् बाळगणाऱ्याचा त्याच्यावर ताबा पाहिजे. सार्वजनिक जागी पिस्तूल परजायला किंवा हवेत गोळी झाडायला सक्त मनाई आहे. नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो.

म्हणजे "वरून लावू की आतून?" हा निवडीचा प्रश्नच आपल्याकडे नाही. अमेरिकेत आहे. तिथं बऱ्याच राज्यांत माणूस कमरेला उघडं पिस्तूल लावून बाजारात फिरू शकतो, अन् निम्म्याहून जास्त राज्यांत झाकून नेण्यासाठीही वेगळा परवाना लागत नाही. उघडं बरं की झाकलेलं, यावर तिथं वर्षानुवर्षं वाद चालतो. उघडं लावणारा म्हणतो, पाहूनच चोर पळते. झाकून नेणारा म्हणतो, दिसलं की पहिली गोळी तुलाच, नाहीतर कोणी मागून हिसकावून घेईल.

आपल्याकडचा परवाना मात्र जीव वाचवण्यासाठी मिळते, दबदब्यासाठी नाही. नुसतं पँटीत खोचून दांडी बाहेर ठेवली तरी नियम मोडला.

मग इतके जण दाखवतात कसे?

खरी गोष्ट ही आहे की आपल्या भागात पिस्तूल चालवायला कमी अन् दाखवायला जास्त घेतलं जाते. लग्नाच्या वरातीत जॅकेट मुद्दाम मागं सारायचं. हॉटेलात बसलं की टेबलावर ठेवायचं. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून रील बनवायची. मी स्वतः एका लग्नात पाहिलं, नवरदेवाच्या मामानं पिस्तूल काढून पोरांच्या हाती फोटोसाठी दिलं. दहा-बारा वर्षांची पोरं. आम्ही सगळे हसत पाहत होतो. मीही हसलो, हे लपवत नाही.

2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

बीड जिल्ह्याचं उदाहरण ताजं आहे. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून हत्या झाली. ती गोळीनं झाली नव्हती. पण त्यानंतर बीडमधल्या पिस्तुलांचे फोटो अन् व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले. एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं समोर आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र चक्रावला. पुढं प्रशासनानं मोठ्या संख्येनं परवाने रद्द केले. इतकी वर्षं ही पिस्तुलं कमरेला दिसत होती अन् कोणी विचारत नव्हतं, हाच तिथला धडा आहे.

जमिनीचा वाद अन् पिस्तूल

आपल्या वाचकांना जास्त जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याचं. जुलै 2024 मध्ये एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. तेव्हा वादात असलेल्या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या आई मनोरमा खेडकर हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांशी जमिनीवरून भांडताना त्यात दिसत होत्या. प्रसंग आदल्या वर्षीचा, म्हणजे 2023 चा होता. व्हिडिओ फिरल्यावर पौड पोलिसांत गुन्हा दाखल झाला अन् त्यांना रायगड जिल्ह्यात महाडजवळून अटक झाली. पुढं जामीन मिळाला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण पाहा, कारवाई व्हायला व्हिडिओ बाहेर यावा लागला. मधल्या वर्षभरात त्या शेतकऱ्यांनी काय केलं असेल? माझ्या भावानं केलं तेच.

दुसरं उदाहरण उल्हासनगरचं. 2 फेब्रुवारी 2024 ला हिललाईन पोलिस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. वाद जमिनीचाच. तिथं कोणी पिस्तूल मिरवत बसलं नव्हतं. म्हणजे झाकलेलं पिस्तूल निर्धोक असते असंही नाही. रागाच्या वेळी हाताशी पिस्तूल असलं की भांडण काही सेकंदांत हाताबाहेर जाते.

त्यानंतर सहाच दिवसांनी, 8 फेब्रुवारीला दहिसरमध्ये फेसबुक लाईव्ह सुरू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरच्या परवान्याचं होतं, असं तपासात पुढं आलं. परवाना एकाचा अन् हात दुसऱ्याचा. परवानाधारकानं आपलं शस्त्र बिनपरवाना माणसाला देणं हाही गुन्हाच आहे. वरातीत पोरांच्या हाती पिस्तूल देणाऱ्या मामांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्या जिल्ह्याचा वेगळा धोका

जळगाव जामोद अन् संग्रामपूर तालुक्यांना मध्य प्रदेशची सीमा लागून आहे. सातपुड्याच्या पलीकडं बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी देशभर बदनाम आहे. तिकडून येणारा कट्टा पकडल्याच्या बातम्या आम्ही अधूनमधून देतच असतो. परवान्याचं पिस्तूल लाखाच्या घरात जाते, शिवाय अर्ज, पोलिस चौकशी, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी. कट्टा त्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतो, म्हणून तरणी पोरं तिकडं वळतात.

त्यांच्यासाठी हिशोब सरळ सांगतो. बिनपरवाना बंदूक बाळगली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं अन् जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, वर दंड. विकणाऱ्याला अन् बनवणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. तो कट्टा दाखवा, झाकून ठेवा, पेटीत ठेवा, गुन्हा तोच.

काही शेतकरी म्हणतील, आम्हाला रानडुकरांसाठी पाहिजे. त्रास खरा आहे, माझी मक्का दोन वेळा लोळवली. पण रानडुकरांसाठी पिस्तूल कामाचं नाही. पीक राखण्यासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. अन् परवाना मिळाला तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय जनावर मारलं तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 आडवा येतो.

समोरच्यानं दाखवलं तर काय करायचं?

भावानं विचारलं, "शेत काही सार्वजनिक जागा नाही. मंग तुहा 32 वा नियम तिथं लागते काय?"

प्रश्न बरोबर आहे. स्वतःच्या शेतात उभं राहून दाखवलं तर त्या नियमावर वकील वाद घालू शकतो. पण रस्ता तिथंच बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 351 धमकीबद्दल आहे. धमकी कोणत्याही प्रकारे दिलेली चालते, तोंडानंच दिली पाहिजे असं नाही. ती जिवे मारण्याची असली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय शस्त्र अधिनियमाच्या 17 व्या कलमानुसार सार्वजनिक शांततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो.

म्हणून दोन अर्ज करा. एक पोलिस ठाण्यात: तारीख, वेळ, गट नंबर, कोण हजर होतं, नेमकं काय दाखवलं, सगळं लिहा. पोच घ्या. दुसरा जिल्हाधिकाऱ्यांकडं, कारण जिल्ह्यात परवाना देणारे तेच: अमक्याच्या परवान्याचा फेरविचार करा म्हणून. त्याला पोलिसांकडच्या अर्जाची प्रत जोडा. व्हिडिओ असला तर जपून ठेवा, ग्रुपवर टाकायची घाई करू नका. अन् वाद धुऱ्याचा आहे, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरा. पिस्तुलानं धुरा सरकते, पण नकाशा सरकत नाही.

जिल्हा प्रशासनालाही एक विनंती आहे. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करून घेतली जातात. म्हणजे कोणाकडं काय आहे याची यादी तयारच असते. तीच यादी घेऊन वर्षातून एकदा पाहावं, कोणाच्या जिवाला आजही धोका आहे अन् कोण नुसतं मिरवते. रील पाहून गुन्हा दाखल करण्यापेक्षा हे सोपं आहे.

शेवटी भावाचं काय झालं

दोन दिवसांनी आम्ही दोघं जाऊन अर्ज देऊन आलो. पोच मिळाली. मोजणीची फीसुद्धा भरली. पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज त्यानं अजून भरलेला नाही.

येताना एसटीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, कागद झाला ठीक. पण मोजणीवाले येईपर्यंत त्यानं आणखी शर्ट वर केला तं?"

मी म्हटलं, निघून ये अन् 112 ला फोन लाव. त्यानं मान हलवली. पण पोलिस ठाणं आमच्या गावापासून बावीस किलोमीटर आहे, हे त्यालाही माहीत आहे अन् मलाही. ती गाडी वेळेत आली तर माझा भाऊ पिस्तूल घेणार नाही. नाही आली तर त्याला काय सांगायचं, याचं उत्तर परवाने वाटणाऱ्यांनी द्यायचं आहे.